फुटाला एक सूत

आमचे घरमालक वस्तू बघत नसत, तिची कड बघत. भाड्याची खोली बघायला मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या हातातल्या लॅपटॉपच्या कडेवरून अंगठा फिरवला, कोपऱ्यावर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हे बरं केलंय. ऱ्हावा." एवढ्यावर मला खोली मिळाली. पुढं तीन वर्षं मी तिथं राहिले आणि तो अंगठा कशाकशावरून फिरतो ते बघत राहिले.

उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. आप्पांनी जन्मभर पॅटर्नमेकरचं काम केलं. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागं राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. हे काम आता बरंचसं कॉम्प्युटरवर होतं, आणि तो कॉम्प्युटर चालवणाऱ्यांपैकी मी एक. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी ड्रॉइंग करत होते. म्हणजे ज्या कामावर आप्पांचं घर उभं राहिलं ते काम गिळणारी बाई त्यांनी त्याच घरात ठेवून घेतली होती. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. ते मला फक्त 'कॉम्प्युटर' म्हणत. "कॉम्प्युटर आला काय गं?" असं माझ्यासमोरच बायकोला विचारत.

त्यांच्या कानावर कायम पेन्सिल असायची. लग्नाला जाताना फेटा बांधला तरी पेन्सिल फेट्यातून डोकावायची. एकदा मी त्यांच्याबरोबर एका लग्नाला गेले होते. आप्पा वधूवरांना आशीर्वाद द्यायला स्टेजवर चढले आणि अक्षता टाकायच्या ऐवजी वाकून स्टेजची कड बघायला लागले. प्लायवूडचा एक कोपरा सुटला होता. त्यांनी नवऱ्यामुलाच्या वडलांना बोलावून सांगितलं, "पावणं, पोरगी चांगली मिळालीया, पण मांडववाल्यानं फसवलंय तुमाला." मग स्वतःच खिळा मागवून ठोकला. व्हिडिओत वधूवरांच्या मागं आप्पांची पाठ आणि हातोडीचा आवाज आहे असं मला नंतर कळलं.

"मधलं कुणीबी करतंय की," असं ते म्हणायचे. "माणूस कडंला कळतंय." भाकरीची कड चिरलेली असली तर ते ती भाकरी खायचे, पण आधी ताटात फिरवून बघायचे. अक्कांची भाकरी कधी चिरायची नाही. तिला ते नावं ठेवू शकत नाहीत याचं अक्कांना समाधान होतं, आणि ते समाधान त्या लपवत नसत.

दुसरं त्यांचं आवडतं वाक्य उताराबद्दल होतं. नमुना वाळूतून निघताना साचा मोडू नये म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार ठेवतात. "माणसालाबी जरा उतार पायजे," आप्पा गंभीरपणे सांगायचे. "न्हाईतर निघताना समदं मोडून घिऊन निघतंय."

"तुमाला द्यायचा राहिलाय वाटतं त्यो उतार," अक्का स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

त्या घरात सूर्य बुडायच्या आत जेवण होई. जैन घरात हे नवीन नाही, पण अक्कांचा नेम मी दुसऱ्या कुठं पाहिला नाही. पाहुणे असोत, ताप असो, लाईट गेलेली असो, सूर्य टेकायला आला की अक्का जिन्याच्या खालच्या पायरीशी उभ्या राहून हाक मारत, "अहो, दिवस चाललाय!" ती हाक आली की वरच्या खोलीतून आप्पा खाली येत. हात धुऊन पानावर बसत. दिवस गेला की घरात चूल नाही. माझी कंपनीची बस सूर्य बुडाल्यावर यायची, त्यामुळं मला त्यांच्या ताटातलं कधी मिळालं नाही, सुटीचे दिवस सोडून.

अक्का जिन्याच्या त्या पायरीच्या वर मात्र येत नसत. वर दोन खोल्या होत्या. एक माझी, एक आप्पांच्या रेल्वेची.

कोल्हापूरला रेल्वे येते आणि थांबते. पुढं रूळच नाहीत. आप्पांनी निवृत्त झाल्यावर ते पुढं नेले, वरच्या खोलीत, भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या एका टेबलावर. कोल्हापूर स्टेशनच्या शेवटच्या ठोकळ्यापासून लाईन निघायची, पंचगंगेला पाठ करून दक्षिणेला वळायची आणि उसाच्या फडांतून कागलला पोचायची. रूळ आणि इंजिन तेवढं पुण्याहून मागवलेलं. बाकी घरं, झाडं, गुऱ्हाळ, टेकड्या सगळ्या जुन्या नमुन्यांच्या लाकडातून कोरलेल्या. मधली वाट तेवढी आवळलेली, बाकी सगळं एकशेसाठाव्या मापात, म्हणजे टेबलावरचा एक इंच म्हणजे खरे तेरा फूट. "सरकार करंल तवा करंल," ते म्हणायचे. "म्या कागलपतोर नेली."

इंजिन चालायचं, शिट्टी वाजायची, पण आप्पांच्या लेखी रेल्वे पुरी झालेली नव्हती, कारण कड राहिली होती. टेबल जिथं संपतं तिथं जमीन एकदम तुटलेली दिसते. खाली प्लायवूड, वायरी, टेबलाचे पाय. त्या समोरच्या उघड्या बाजूला एक लांब फळी बसवायची असते, वरून टेकड्यांच्या चढउताराप्रमाणं कापलेली. लोक तिला काळा नाहीतर हिरवा रंग मारून मोकळे होतात. आप्पांना ते चालणार नव्हतं. "जिमीन कापली की आत काय दिसतंय? रंग? विहीर खणताना बघितलीयास का कधी? वर काळी माती, मग मुरूम, मग खडक. कडंला ते दिसाय पायजे."

आता अक्का वर का येत नाहीत ते सांगितलं पाहिजे. मला ते अक्कांनीच सांगितलं, मी राहायला आले त्या आठवड्यात, शेंगा सोलता सोलता.

"तुझी कंपनी पाण्याच्या टाकीच्या अल्याड का पल्याड?" त्यांनी विचारलं.

"पलीकडे."

"म्हंजे तू माझ्या बाबांच्या मिरचीच्या रानात बसतीस बघ."

अक्कांचं माहेर त्या भागातलं. जमीन एमआयडीसीत गेली, भावांनी शहरात घरं केली, रानात शेड उभ्या राहिल्या. अक्कांना त्याची तक्रार नव्हती. भावांच्या पोरांना तिथंच नोकऱ्या लागल्या, असं त्या स्वतःच सांगत. फक्त विहीर बुजवली तेवढं त्यांना लागलं होतं. लग्नाआधी त्यांचा सगळा दिवस त्या विहिरीवर जायचा.

आप्पांनी रेल्वे कागलकडं न्यायला घेतली तेव्हा अक्का रोज वर जाऊन बघायच्या. हे कुणाचं रान, इथं चिंच होती, तिथं बांध होता, असं सांगायच्या. एक दिवस त्यांनी विचारलं, माझी विहीर कुठं? आप्पा म्हणाले, "कड बरुबर विहिरीवरनं जातीया. अर्धी आत, अर्धी भाईर. अर्धी विहीर काय दावायची? म्हणून तिथं सपाट केलंय."

"थोडी आत सरकवा की," अक्का म्हणाल्या.

"जागा सोडून घातली तर ती तुझ्या बाबांची न्हवं. दुसऱ्याच कुणाची तरी हुईल."

माप घेऊन जगणाऱ्या माणसाचं हे उत्तर होतं, आणि बरोबरच होतं. पण अक्का म्हणाल्या, "एकदा त्यांनी बुजवली, आता तुमीबी बुजवलीसा." त्या खाली आल्या त्या आल्याच. मी राहायला गेले तेव्हा या गोष्टीला पाच वर्षं झाली होती. हाक मारायला पायरीपर्यंत यायच्या आणि तिथूनच परत फिरायच्या. "ह्या माणसानं आजवर माझं एक तरी ऐकलं आसंल तर शपथ," एवढं बोलून त्यांनी शेंगांची टरफलं सुपात गोळा केली.

आप्पा यातलं काही बोलत नसत. एकदाच बोलले. इंजिनाला तेल घालत होते, खालून हाक आली, हाक मारून अक्का परत गेल्याचा आवाज आला. आप्पा म्हणाले, "कड हुंदे एकदा. कड झाली की येतीया बघ ती."

मला तेव्हा हसू आलं. रुसलेली बाई प्लायवूडची फळी बघायला जिना चढेल हे फक्त आप्पांनाच सुचू शकतं, असं वाटलं.

कडेसाठी त्यांना खरी माती हवी होती, त्याच भागातली. ती आणायचं काम माझ्याकडं आलं. कंपनीच्या मागं नवीन शेडसाठी खणती चालली होती. तिथल्या खड्ड्यातून मी तीन पिशव्या भरून आणल्या, काळी माती, मुरूम आणि खडकाचा चुरा. वॉचमननं विचारलं, "मॅडम, कुंड्या लावताय काय?" मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर त्यानं साहेबांना बोलावलं असतं. आप्पांनी ती माती अक्कांच्या चाळणीनं चाळली, मग अक्कांच्या पाणी गाळायच्या फडक्यातून वस्त्रगाळ केली. त्या दिवशी खालच्या मजल्यावर जे बोलणं झालं ते मी दार लावून घेतल्यामुळं नीट ऐकलं नाही.

फळी कापायच्या आधी माप घ्यायचं होतं आणि नेमकं तेव्हा आप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हिरवा गॉगल, वाकायचं नाही, बारीक बघायचं नाही. डोळा बरा होईपर्यंत थांबतील तर ते आप्पा कसले. मला म्हणाले, "कॉम्प्युटर, तू माप सांग, मी लिवतो."

मी टेप काढली. "टेप नगं. टेप लोंबतोय. खिळ्याला स्केल हाय बघ, ती घे."

खिळ्याला दोन फुटी पोलादी स्केल होती. ती लावत लावत, पेन्सिलीची खूण करत मी समोरची बाजू मोजली. आठ फुटांच्या आसपास भरली. मी आकडे सांगितले, आप्पांनी गॉगलमधून वाकड्या अक्षरात फळकुटावर लिहिले. तेच फळकूट घेऊन मी सुताराकडं गेले आणि फळी कापून आणली.

डोळा बरा झाला आणि मग तीन महिने आप्पा खालच्या अंगणात त्या फळीवर बसले. वरची कड टेकड्यांप्रमाणं बारीक करवतीनं कापली. मग गोंद आणि माती, गोंद आणि माती. एक थर वाळला की दुसरा. काळ्या मातीत उसाची मुळं म्हणून ताग चिकटवला. मुरुमात एक पिवळी शीर काढली, कारण तशी असते. मी रोज बसमधून उतरले की आधी ती फळी बघायची. मला रेल्वेत काही रस नव्हता, अजूनही नाही. पण ती फळी बघितली की जमिनीखाली आपण काय तुडवतो ते पहिल्यांदा कळल्यासारखं व्हायचं.

"एकदा वर नेऊन लावून तरी बघा," मी म्हटलं होतं.

"लावून बघतोय त्यो सुतार. पॅटर्नमेकर न्हवं. माप घेतलं म्हंजे घेतलं."

आठवड्याच्या मधे एक सुटी आली, त्या दिवशी आम्ही दोघांनी फळी जिन्यातून वर नेली. आप्पांनी उजव्या कोपऱ्यापासून बसवायला घेतली. टेकडीला टेकडी लागली, फडाला फड लागला. डावीकडं भिंतीलगत पोचलो तर फळी संपली. टेबल अजून इंचभर शिल्लक.

आप्पांनी त्या फटीत अंगठा घातला. तो आरामात गेला. त्यांनी काढून परत घातला. मग फळकूट मागितलं, त्यावरचा स्वतःच्या हातचा आकडा बघितला आणि स्टुलावर बसले.

"मीच चुकीचं लिवलं," ते म्हणाले. "डोळा गेलाता, आता डोस्कंबी गेलं."

मी काहीतरी बोलले, होतं असं कधीकधी वगैरे. त्यांनी रेल्वेवर चादर टाकली. त्या दिवशी खालून हाक यायच्या आधीच ते खाली गेले.

फट मोजायला घेतलेली स्केल माझ्याच हातात राहिली होती. ती परत लावायला गेले तर खिळ्याला तिच्यासारखीच दुसरी लटकलेली. दिसायला तितकीच लांब, तितकीच काळवंडलेली. का कोण जाणे, मी दोन्ही शेजारी धरल्या. शून्याला शून्य लावलं. एका फुटाच्या खुणेपाशी दोघींची गाठ पडेना. एकीचा फूट दुसरीपेक्षा एक सूत मोठा होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून नमुना नेहमी थोडा मोठा करतात, फुटाला एक सूत. दर वेळी हिशेब करायला नको म्हणून पॅटर्नमेकर आकसाची वेगळी स्केलच वापरतात, जिचे इंचच मोठे असतात. एके काळी आप्पांनी तिच्या टोकाला लाल रंग लावला होता. झिजून त्याचा एक ठिपका उरला होता. मोठ्या इंचांनी मोजलं की आकडा कमी येतो. त्या आकड्यावर सुतारानं साध्या इंचांनी फळी कापली. फुटाला एक सूत, आठ फुटाला एक इंच. आप्पांनी मी सांगितलं तेच लिहिलं होतं.

मी फाउंड्रीत नोकरी करते. रोज कॉम्प्युटरवर आकसाच्या चौकोनात बरोबरची खूण करते, आणि तो आकस इंचभर रुंदीच्या पोलादावर कोरलेला माझ्या हातात आला तेव्हा मला ओळखता आला नाही. लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणून मी चार दिवस गप्प बसले. हे लिहितानाही मला स्वतःचा राग येतोय.

त्या चार दिवसांत आप्पांचा अंगठा खिशातून बाहेर आला नाही. चहाचा कप घ्यायचे, प्यायचे, ठेवायचे. कानावर पेन्सिल नव्हती. गल्लीतल्या लेथवाल्याला त्यांनी सांगून टाकलं की येत्या रविवारी येऊन हत्यारं घेऊन जा, माझ्या हातनं आता काय व्हत न्हाई. पटाश्या, रंधे, बारीक करवती, सगळी पेटी त्यांनी पुसून दाराशी आणून ठेवली. तिला येताजाता मी ठेचकाळत होते.

शनिवारी सकाळी मी आधी अक्कांकडं गेले. त्या पीठ मळत होत्या. मी सगळं सांगितलं, दोन स्केलींचं, माझं, सगळं.

"मला सांगून काय उपेग?" अक्का म्हणाल्या. "त्येंला सांग की. चार दिस झालं, त्यो माणूस भाकरीची कड बघंना झालाय." थोडं पीठ मळलं, मग विचारलं, "कुठल्या कोपऱ्याला कमी पडली म्हणालीस?"

"डाव्या. भिंतीलगत."

त्यांचा हात परातीत थांबला. "तितंच हाय माझी विहीर," त्या म्हणाल्या.

आप्पा अंगणात बसले होते. मी दोन्ही स्केली त्यांच्या मांडीवर ठेवल्या आणि म्हटलं, "चूक माझी आहे. मी आकसाच्या स्केलनं मोजलं."

त्यांनी एक उचलली, चष्मा डोळ्यांवर चढवला, दुसरीला लावून बघितली. मला वाटलं आता खोली सोडावी लागणार. मग ते इतक्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

"फौंड्रीत पगार घेतीस आन आकसाची पट्टी वळकत न्हाईस? काय शिकिवलं गं तुला त्या कालिजात?" आणि बोलता बोलता उठले, गल्लीत गेले, लेथवाल्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "येऊ नगंस उद्या. माझं न्हाई चुकलं. कॉम्प्युटरचं चुकलं!" पुढचे आठ दिवस गल्लीत जो भेटेल तो मला, काय कॉम्प्युटर, फुटाला किती सूत, असं विचारायचा. मी ते ऐकून घेतलं. पेटी दारातून हलली होती.

राहिला प्रश्न फटीचा. तुकडा जोडायचा तर जोड दिसणार. नवी फळी करायची तर माती संपलेली, आणि माझ्या खड्ड्यावर तोवर काँक्रीट पडलं होतं. मी म्हटलं, "अक्का म्हणतात, त्याच कोपऱ्यात त्यांची विहीर आहे."

आप्पा उठून वर गेले, चादर काढली आणि त्या फटीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "इचार तिला, विहीर किती रुंद हुती."

नवराबायको एका घरात, ताटाला ताट लावून जेवणारी. पण हे विचारायला मी हवी होते. मी खाली गेले.

"तीस फूट," अक्का म्हणाल्या.

मी वर गेले. "तेरा फुटाची जागा हाय म्हणावं," आप्पा म्हणाले. "इंचाला तेरा."

मी खाली गेले. "मग ऱ्हाऊ द्या म्हणावं," अक्का म्हणाल्या. "तेरा फुटाचा आड आसतोय. माझ्या बाबांची विहीर हुती."

हे मी वर सांगितलं. आप्पांनी फळीवरून अंगठा फिरवला, डावीकडच्या टोकाला, जिथं त्यांची पिवळी शीर येऊन संपत होती. तीन महिन्यांत त्या फळीवर कुणी बोट लावलं तरी ते अंगावर यायचे. त्यांनी करवतीला धार लावली, त्यात सकाळ गेली. मग पेन्सिलीनं रेघ मारली आणि स्वतःच्या हातानं ती कापली. सव्वा इंच. माझ्या चुकीचा एक आणि त्यांचा सव्वा, मिळून सव्वादोन इंच, म्हणजे तीस फूट. कापलेला तुकडा त्यांनी खिशात टाकला.

अर्धगोल पोकळी कोरणं हे पॅटर्नमेकरचं रोजचं काम. लेथवाल्याकडं सागवानाचा ठोकळा फिरवून त्यांनी अर्धी विहीर काढली, आणि ती बरोबर कडेवर बसवली. वरून बघितलं तर टेबलाच्या काठाला अर्धा चंद्र. समोरून बघितलं तर सुरीनं कापल्यासारखी विहीर, दगडी बांधणी, बांधणीमागं काळी माती, मुरूम, खडक, आणि आत उतरत जाणाऱ्या पायऱ्या. पाण्यासाठी त्यांनी पारदर्शक राळ थर थर करून ओतली, पंधरा दिवस.

झाल्यावर ते अक्कांना काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "सांग तिला, झाली म्हणावं."

सुटीचा दिवस होता, दुपार कलली होती. मी सांगितलं. अक्कांनी हात पुसले, पदर सारखा केला आणि जिना चढायला लागल्या. गुडघे दुखत होते, मधे दोनदा थांबल्या. वर येऊन टेबलाशी उभ्या राहिल्या आणि वाकून विहिरीत बघायला लागल्या. आप्पा इंजिनाची चाकं पुसत होते. ती आधीच स्वच्छ होती.

अक्का बोटानं हवेत मोजत होत्या. मग म्हणाल्या, "अकरा पायऱ्या घातल्यासा. बारा हुत्या."

मला आप्पांची कीव आली. फळी कापली, पंधरा दिवस राळ ओतली आणि एक पायरी कमी.

"बारावी पाण्यात आसायची," अक्का म्हणाल्या. "दिसायची न्हाई. पायाला लागायची."

"वरनं न्हाई दिसायची," आप्पा चाकं पुसत म्हणाले. "खाली बस. कडंनं बघ."

अक्का टेबलाला धरून हळूहळू जमिनीवर बसल्या. त्यांच्याबरोबर मीही वाकले. कापलेल्या बाजूनं विहिरीचं पोट उघडं होतं. पाण्याची रेघ होती, आणि रेघेच्या खाली, राळेच्या आत, एक पायरी होती. बाकीच्यांपेक्षा थोडी रुंद, मधे झिजलेली.

"हे तुमाला कुणी सांगितलं?" अक्कांनी विचारलं.

"तूच की. लग्न झालं त्या साली. सांगितलंवतंस, बारावीवर हुबं ऱ्हाऊन घागर भरायची म्हणून."

अक्कांनी हात पुढं केला आणि अंगठा विहिरीच्या काठावरून फिरवला, आप्पा फिरवत तसाच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग म्हणाल्या, "चाळीस वर्सानं का हुईना, ऐकलं म्हणायचं."

आप्पांनी इंजिन रुळावर ठेवलं आणि सोडलं. ते कोल्हापूरहून निघालं, वळण घेऊन आलं, विहिरीच्या काठानं गेलं, परत फिरलं. अक्का जमिनीवर बसूनच चिंच कुठं होती, मोटेची धाव कुठून यायची ते सांगायला लागल्या. आप्पा कानावरची पेन्सिल काढून लिहून घेत होते. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर गेलं, भिंतीवर तांबडं झालं. खाली परातीत मळलेलं पीठ झाकून ठेवलं होतं, ते मला माहीत होतं. हाक मारणारी बाई वरच बसलेली होती. मी खिडकीशी उभी होते, समोरच्या छपरामागं सूर्य टेकला ते बघितलं, बुडाला तेही बघितलं, आणि काही बोलले नाही. त्या दिवशी त्या घरात रात्रीचं जेवण झालं नाही.